माणसं गुणिले मजला, अधिक सायकल

रविवार, २ ऑक्टोबर २००५, स्टुटगार्ट

संपादकांचा पुण्याहून फोन. "श्यामकांत, तिकडे निवडणूक होऊन दोन आठवडे झाले, सरकार कोणाचं ते अजून कळेना. वाचकांना विश्लेषण हवंय." देतो म्हणालो. खरं सांगायचं तर सकाळपासून माझं सगळं लक्ष जिन्याकडे आहे.

या मुलखात जिना झाडण्याची पाळी असते. तिला केअरवोखे म्हणतात. ज्याची पाळी त्याच्या दारावर एक लाकडी पाटी टांगतात; मग आठवडाभर त्याने जिना, अंगण आणि फुटपाथ झाडायचा. पाटी खाली पडली तरी चालेल, पाळी चुकली तर चालत नाही. सहा वर्षं आम्ही हे मुकाट्याने करत आलो. पण तळमजल्यावरच्या हेर वुर्स्टरना एक साक्षात्कार झाला. हे निवृत्त इंजिनिअर, विधुर; मोटारींच्या काचेवर फिरणाऱ्या वायपरमध्ये उभा जन्म गेलेला. ज्या घरात माणसं जास्त आणि जे घर जास्त उंचावर, त्याची घाण जास्त, तेव्हा सर्वांना सारख्या पाळ्या हा अन्याय आहे, असं त्यांचं म्हणणं. आज नोटीसबोर्डावर सूत्र लागलं. त्यातली जर्मन अक्षरं काढून मी आपली घातली:

घ = म × ज + स

घ म्हणजे घाण, म माणसं, ज मजला, स सायकली. घाण मोजायचं माप म्हणजे एक काड्यापेटी, काठोकाठ. आम्ही तिघं, मजला तिसरा, सायकल एक. म्हणजे आमची न्याय्य घाण दहा काड्यापेट्या.

सूत्र अल्पाक्षरी असावं आणि त्याला भाष्य लागावं, हे आमच्या पाठशाळेत शिकवलेलंच आहे. भाष्य लगेच सुरू झालं. पहिल्या मजल्यावरच्या फ्राऊ फ्लायडरर बोर्डासमोर चष्मा लावून वीस मिनिटं उभ्या होत्या.

मंगळवार, ४ ऑक्टोबर

घरातला खरा प्रश्न वेगळा आहे, तो इथे नीट लिहून ठेवतो.

निवडणुकीच्या आदल्या दिवशी सासूबाई, अंजनाबाई, साताऱ्याहून आल्या; मीही त्यांना आईच म्हणतो. सासरे गेल्या वर्षी गेले. ऑगस्टात आई न्हाणीघरात घसरल्या, उजवं मनगट मोडलं, आणि दूधवाला येईपर्यंत तिथेच बसून राहिल्या. माझी बायको मैथिली तिथे गेली आणि त्यांना घेऊनच आली. व्हिसा डिसेंबरच्या मध्यापर्यंत आहे. पण आमच्या भाडेकरारात माणसं तीन. पाहुणा सहा आठवडे चालतो, पुढे मालकिणीची लेखी परवानगी लागते. म्हणजे परराष्ट्र खात्याची हरकत नाही, अडलंय ते जिन्यावर. सहा आठवडे २९ तारखेला संपतात.

मालकीण फ्राऊ क्लाइनर्ट उल्मला राहतात. त्यांना आज अतिशय विनम्र पत्र टाकलं.

मैथिली ब्योब्लिंगेनच्या ऑफिसातून सात वाजता आली, कोट काढायच्या आत म्हणाली, "अहो, एक सांगून ठेवते. आई त्या रिकाम्या घरात एकटी जाणार नाही. ती गेली तर मी तिच्याबरोबर जाते. नोकरी गेली खड्ड्यात."

"मग आमचं काय?"

"सूत्र लागलंय ना खाली. तुमच्यातून एक वजा करा."

शनिवार, ८ ऑक्टोबर

उल्मचं उत्तर आलं. फ्राऊ क्लाइनर्टना हेर वुर्स्टरांनी आपलं सूत्र आधीच कळवलेलं दिसतं. त्या लिहितात: कोण पाहुणा, कोण कुटुंबीय, यात मला पडायचं नाही. हेर वुर्स्टरांच्या सूत्राप्रमाणे तुमच्या घरात तीनपेक्षा जास्त माणसं निघत नसतील, तर तुमच्या सासूबाई खुशाल राहोत.

चार माणसं राहतात ती सूत्राने तीन निघायला हवीत. शास्त्रार्थाला उत्तम विषय.

खाली गेलो तर हेर वुर्स्टर आमच्या दारापुढची घाण मोजून बसलेले. चौदा काड्यापेट्या. "आल्झो," म्हणजे तर मग, ते म्हणाले, "आता म काढायचा." हे सांगताना त्यांचा चेहरा पडला होता. मोजमापाचा कंटाळा आला असावा.

म काढायचा कसा हे मला येईना. लेकीला, ईप्सिताला विचारलं. ती आठवीत आहे, आणि हेच त्यांना शाळेत चालू आहे. मी मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. आमचं सगळं संभाषण असंच चालतं.

"बाबा, म ला एकटं काढ. जे एका बाजूला करशील ते दुसऱ्या बाजूलाही कर. बस्स."

म्हणजे जे जे म नव्हे ते ते दूर सारायचं, शेवटी म एकटा उरतो. वेदान्तात याला आयुष्य जातं, आठवीत पंचेचाळीस मिनिटं. मी चौदाला तीनने भागलं, सायकल वजा केली. तीन पूर्णांक दोन तृतीयांश! चारच्या खाली आलो की! अपूर्णांक सोडला तर तीनच!

रविवार, ९ ऑक्टोबर

हेर वुर्स्टरनी माझा कागद दोन बोटांत धरला. "तुम्ही सायकल भागली नाहीत."

"सायकल कशाला भागायची? ती आधीच मोडकी आहे."

"आधी भागणार असाल, तर सगळ्याला भागा. सायकललाही. नाहीतर आधी सायकल वजा करा, मग भागा." त्यांनी पेन्सिलीने लिहिलं: म = (घ − स) ÷ ज. चौदातून एक गेला तेरा, भागिले तीन. "तुमच्या घरात चार पूर्णांक एक तृतीयांश माणसं राहतात."

"चार मान्य," मी म्हणालो. "पण हा तिसरा हिस्सा माणूस कोण?"

"तेच मलाही कळत नाही," ते खरोखर बुचकळ्यात पडून म्हणाले, आणि स्वेटरवरचा रवा झटकला.

शनिवार, १५ ऑक्टोबर

आठवडाभर त्या एक तृतीयांशाचा शोध चालू आहे. पोस्टमन वर येत नाही. ईप्सिताच्या मैत्रिणी खालूनच हाका मारतात. मी सकाळी ग्रंथालयात असतो, दुपारी येतो. आईंना विचारलं, "दिवसभरात कोणी येतं का हो?"

"इथे कोण येणार? इथली माणसं दारं लावून बसतात." आणि माझ्यापुढे मनुकांचा केक ठेवला.

केक उत्तम होता. मैथिली हल्ली बेकरीतून फार आणते. परवा ब्रेझेल, म्हणजे पावाच्या खारट गाठी, होते, त्याआधी सफरचंदाचा मुरंबा, बरणीला कापडाची टोपी घालून. मी तिला म्हणालो, खर्चाकडे जरा बघ. तर ती म्हणते, "मी? मला वाटलं तुम्ही आणता."

आई मध्येच म्हणाल्या, "कोणाचं भांडं रिकामं परत पाठवू नये, एवढं मला माहीत आहे." याचा संदर्भ लागला नाही. वय झालं की माणूस मधूनच सुभाषितं बोलू लागतो.

बुधवार, १९ ऑक्टोबर

प्रयोग केला. निरीक्षण स्वतःपासून सुरू करावं. मी सोमवारपासून रोज सकाळी आठला बाहेर पडलो, ग्रंथालय बंद होईपर्यंत बसलो, जेवणही बाहेरच. म्हणजे म मधून मी जवळजवळ वजा. घाण उतरायला हवी.

हेर वुर्स्टरनी आज मोजली: पंधरा.

पंधरातून एक गेला चौदा, भागिले तीन, चार पूर्णांक दोन तृतीयांश. मी घरात नसलो की घरातली माणसं वाढतात! मैथिलीला सांगितलं तर ती आईंकडे बघून हसू लागली. आई पदराने ओटा पुसू लागल्या. तो आधीच स्वच्छ होता.

सूत्रात कुठेतरी गफलत आहे, किंवा माझ्यात. संपादकांचा निरोप: विश्लेषणाचं काय झालं?

रविवार, २३ ऑक्टोबर

दिवाळी आठवड्यावर. आईंनी चकल्या केल्या. मनगटाचं प्लॅस्टर निघालंय, पण पिळायचं काम अजून जमत नाही. मी सोऱ्या फिरवायला येतो म्हणालो होतो, तर परत येईपर्यंत डबा भरलेला. "कोणी फिरवला?" "झालं कसंतरी." चकल्या मात्र अशा की सगळ्यांचा व्यास एक, वेढे एक. एकीवर दुसरी ठेवली की कड जुळते. साताऱ्याला यांच्या चकल्या अशा नसायच्या. जर्मनीची हवा दुसरं काय.

आज फ्राऊ फ्लायडरर जिन्यात भेटल्या, भयंकर रागात. त्या बाहेरच बूट काढतात आणि त्यांची सायकल तळघरात गंजतेय. घाण दीड काड्यापेटी. सूत्राप्रमाणे त्या अर्ध्या निघाल्या.

"एकोणसत्तर वर्षांची बाई मी, आणि अर्धी?"

"वुर्स्टरांना काही वाईट म्हणायचं नव्हतं."

"जा, जा! पुढच्या वेळी मी बागेतनं चिखलाच्या बुटांनी येणार. पूर्ण करून दाखवते!"

दुसऱ्या मजल्यावर उज्ज्वल होता, संशोधन करणारा, नागपूरकडचा. गेल्या महिन्यात कार्ल्सरूहेला गेला, सायकल इथेच ठेवून. त्याच्या दारापुढे घाण शून्य. शून्यातून सायकल वजा, भागिले दोन. दुसऱ्या मजल्यावर उणे अर्धा माणूस राहतो. मी त्याला फोन करून हे सांगितलं. तो म्हणाला, "काका, माझ्या गाईडचंही माझ्याबद्दल हेच मत आहे."

हा उणे अर्धा आमच्या चार पूर्णांकांत मिळवता येईल का, असं हेर वुर्स्टरना विचारलं. ते म्हणाले, मजल्यामजल्यांमध्ये उसनवारी चालत नाही. पण बराच वेळ विचार करत उभे होते. त्यांनाही आमचा आकडा कमी करायचा आहेसं वाटलं. कशासाठी, कोण जाणे.

गुरुवार, २७ ऑक्टोबर

उद्या सहा वाजता तळघरात, धुण्याच्या खोलीत, इमारतीची बैठक. वुर्स्टर सर्व मजल्यांचे म वाचून दाखवणार आणि तिथूनच उल्मला फोन करणार. मैथिलीने आईंची बॅग माळ्यावरून काढून ठेवली. स्वतःचीही. दोन बॅगा पॅसेजमध्ये शेजारी शेजारी उभ्या आहेत. आई त्यांच्याकडे न बघता येतात-जातात. आज दुपारी त्या खिडकीशी बसून होत्या. मी विचारलं, "साताऱ्याची आठवण येते का?" त्या म्हणाल्या, "साताऱ्यात आठवणीशिवाय काय आहे?" घरी जायची ओढ लागलीय बिचाऱ्यांना. पण मैथिलीसाठी मला लढायलाच हवं.

संध्याकाळी ईप्सिताबरोबर सूत्र पुन्हा पुन्हा फिरवलं. घ काढला, स काढला, ज सुद्धा काढला. ती कंटाळून म्हणाली, "बाबा, एर्डगेशोस म्हणजे कितवा मजला?"

"तळमजला. त्याला कुठला आलाय नंबर?"

"बाबा. लिफ्टच्या बटणावर काय लिहितात?"

"आपल्याकडे लिफ्ट नाही."

"बाबा. एर्डगेशोस. म्हणजे. किती?"

आणि मग मला, एकट्याला, विचार करता करता ते सुचलं. ज शून्य! शून्याने भागता येत नाही! तळमजल्यावर म काढताच येत नाही! म × ० म्हणजे माणसं कितीही असोत, घाण तेवढीच. जुन्या गणितात शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हणत. तिच्यात कितीही घाला, कितीही काढा, तिला काही होत नाही. हेर वुर्स्टरांच्या घरात सूत्राप्रमाणे एक माणूस राहो की अख्खी सातारा नगरपालिका, काही फरक पडत नाही!

ईप्सिता "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणाली आणि झोपायला गेली.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर

मी आयुष्यात अनेक पत्रकार परिषदा पाहिल्या, पण वॉशिंग मशीनवर हात ठेवून बोलण्याचा हा पहिला प्रसंग. एक मशीन चालू होतं, त्यामुळे सगळ्यांना ओरडून बोलावं लागत होतं.

वुर्स्टरनी कालच्या ताज्या मोजणीवरून वाचून दाखवलं. पहिला मजला: एक. फ्राऊ फ्लायडरर चिखल लागलेल्या बुटांकडे अभिमानाने बघत होत्या. दुसरा: उणे अर्धा. तिसरा: इथे त्यांचा आवाज खाली आला, मशीनपुढे ऐकूच येईना. फ्लायडरर ओरडल्या, "किती?" ते चार बोटं वर करून म्हणाले, "चार. आणि एक तृतीयांश."

आई मागे स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना जर्मन कळत नाही, पण चार बोटं कळली. त्यांनी पदर नीट केला आणि उठल्या. मैथिलीने त्यांचा हात धरला. मला वाटलं या क्षणी दोघी थेट बॅगा घेऊन निघतील.

मी म्हणालो, "आणि तळमजला?"

मशीन नेमकं तेव्हाच थांबलं.

"तळमजल्याचा म सांगा, हेर वुर्स्टर."

"तो... तो काढता येत नाही."

"म्हणजे तिथे कितीही माणसं राहू शकतात?"

"सूत्राप्रमाणे, हो."

"मग माझ्या सासूबाई तुमच्या मजल्यावर राहतात असं धरलं तर? कागदोपत्री. त्या असतील काय, नसतील काय, सूत्राला कळणारच नाही. आणि आम्ही वर तीन."

त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मी घाबरलो, शोधकर्त्याला त्याच्याच शोधाने चीत करणं सभ्यपणाचं नव्हे. त्यांनी पेन्सिल काढली, तीनदा पडताळलं, आणि म्हणाले, "श्टिम्ट." बरोबर आहे. मग खिशातून एक किल्ली काढली. "मागची खोली. अंगणाकडे खिडकी आहे. पडदे परवाच धुतले."

म्हणालो, अहो कागदोपत्री म्हणालो होतो मी! पण जर्मन माणूस एकदा नियम मानला की शेवटपर्यंत मानतो. कागदावर जे लिहिलं ते खरं असायला हवं, नाहीतर त्यांना झोप लागणार नाही. पडदे परवा कसे धुतले हे विचारायचं राहिलं. ही युक्ती तर मला काल सुचली.

मैथिलीने आईंना मराठीत सगळं सांगितलं. "आई, खाली राहशील का गं? जेवायला वर येशीलच."

आई म्हणाल्या, "खालच्यांना विचारलंस का, त्यांची अडचण होईल?"

"त्यांनीच किल्ली दिलीय."

"मग काय. तुमच्यासाठी करते." आणि त्यागमूर्ती पुढे होऊन किल्ली घेऊन मोकळी झाली. मला फार वाईट वाटलं. म्हातारपणी परक्या घरात, परक्या भाषेत.

उल्मला फोन झाला. फ्राऊ क्लाइनर्ट म्हणाल्या, "तळमजल्याबद्दल माझ्या करारात काहीच नाही. सासूबाईंना शुभेच्छा."

मंगळवार, १ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजन, आणि इथेही सणाची सुट्टी. सकाळी बॅग खाली नेली. मैथिलीने आपली बॅग माळ्यावर ठेवली. ती वर चढवताना मी जितक्या प्रेमाने शिडी धरली तितक्या प्रेमाने कधी धरली नव्हती.

आईंची खोली पाहिली. कॉटवर उशी, खिडकीत तुळशीऐवजी एक कुंडीतलं कुठलंसं झाड, आणि फळीवर आमच्याच स्वयंपाकघरातली पाच भांडी, धुऊन ओळीने लावलेली. ती तिथे कशी गेली, हे मी आईंना विचारणार होतो. तेवढ्यात हेर वुर्स्टर दोन्ही हात जोडून "शूभ दीपावळी" म्हणाले. उच्चार सातारी होता.

मंगळवार, २२ नोव्हेंबर

देशात अखेर सरकार बनलं. संपादकांना विश्लेषण धाडलं. सूत्र असं की, ज्यांचं एकमेकांशी जमणार नाही असं सगळ्यांना वाटत होतं ते एकत्र राहायला तयार झाले. त्यांना आवडलं.

वुर्स्टरनी काल तिसरा मजला मोजला. दहा काड्यापेट्या, काठोकाठ. दहातून एक गेला नऊ, भागिले तीन, तीन! आई खाली गेल्या तर एकच माणूस कमी व्हायला हवा होता. तो चारावरचा तिसरा हिस्साही त्यांच्याबरोबर गेला. मी वुर्स्टरना म्हणालो, सूत्र अद्भुत आहे. ते फक्त हसले.

घर मात्र गप्प झालंय. केक नाही, मुरंबा नाही. आईंचं तिकीट १४ डिसेंबरचं. परवा मैथिली म्हणाली, आई विचारत होती, पुन्हा उन्हाळ्यात यायचं तर व्हिसाला काय काय लागतं. मला आश्चर्य वाटलं. एवढा त्रास सोसून?

संध्याकाळी मैथिलीने भाकरी थापता थापता मला खाली पिटाळलं. "आई आज जेवायला वर येणार आहे का, विचारून या. गेले चार दिवस ती फिरकली नाहीय."

"मला का पाठवतेस? ईप्सिताला पाठव."

"ती खालीच आहे. वुर्स्टर तिला गणित शिकवतात."

खाली गेलो. वुर्स्टरांच्या दारावर लाकडी पाटी टांगलेली होती. बेल वाजवली. आतून आईंचा हसण्याचा आवाज आला. गेल्या वर्षापासून तो मी ऐकला नव्हता, म्हणून क्षणभर दार चुकलं की काय असं वाटलं. दार आईंनीच उघडलं, डाव्या हातात झाडू. मी आत पाऊल टाकणार तेवढ्यात त्यांनी झाडू आडवा धरला.

"जावईबापू, पाय पुसून या. या आठवड्यात पाळी आमची आहे."

मी पाय पुसले.